जुन्या लुगड्याची पैरण: उन्हाळ्यात शिवायची, बागेत आणि मैदानावर घालायची

कोल्हापुरात उन्हाळा म्हणजे आमच्या घरी तीन कामं. सकाळी गच्चीवरच्या कुंड्या, दुपारी शिवणकाम आणि फुटबॉलचा सामना असेल तेव्हा शाहू स्टेडियमची गॅलरी. लीग संपली तरी पाऊस सुरू होईपर्यंत एकामागून एक चषक चालूच असतात, आणि पेठेतल्या घराला ते चुकवता येत नाहीत. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस ही संघांची नावं आमच्याकडे लहान मुलं बाराखडीच्या आधी शिकतात. इथल्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्या दिवसांत गल्लीत दुसरा विषयच नव्हता.

या तिन्ही ठिकाणी अंगावर काय घालायचं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. दुकानातला पातळ म्हणून घेतलेला शर्ट एप्रिलच्या उन्हात पाठीला चिकटायचा. शेवटी उत्तर सासूबाईंच्या लोखंडी पेटीत सापडलं. त्यांची चार सुती लुगडी घडीत पडून होती. त्यांतल्या पहिल्या लुगड्याची एक पैरण, म्हणजे सैल सदरा, शिवली. पुढं दरवर्षी एकदोन करत गेले. आता घरातल्या पाचही जणांकडं एकेक आहे आणि शेजारपाजारचे विचारायला येतात. त्यांना जे सांगते, तेच इथं सविस्तर लिहिते.

पैरण हाच प्रकार का? कारण ती चौकोनांची असते. पुढचा भाग, पाठ, बाह्या, काखेतला तुकडा, सगळं सरळ रेषेत कापायचं. गोलाई फक्त गळ्याला. नव्या माणसाला जमते, कापड वाया जात नाही, आणि सैल असल्यामुळं जुन्या कापडावर ताण येत नाही. जुन्या सुताचा अंगाबरोबर बसणारा कुर्ता किंवा ब्लाउज शिवलात तर पहिल्याच उन्हाळ्यात काखेत किंवा पाठीवर फाटेल. हे मी करून बघितलं आहे, म्हणून ठामपणे सांगते.

आधी कापड ओळखा

पेटीतून निघालेलं प्रत्येक जुनं कापड सुती असेलच असं नाही. टेरिकॉट आणि सुती मिसळीची लुगडीही खूप विकली गेली आहेत. कडेचे चार दोरे ओढून काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागं मऊ राख राहते. धाग्याच्या टोकाला कडक काळा मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. असं कापड पिशव्यांना चांगलं, उन्हाळी पैरणीला नको. दोरे उभे आणि आडवे दोन्ही तपासा, कारण कधी ताणा सुती आणि बाणा दुसऱ्याच धाग्याचा असतो.

दुसरी परीक्षा थेंबाची. कापड पसरून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. जुन्या, शेकडो वेळा धुतलेल्या सुतावर थेंब पडताक्षणी पसरतो. कोऱ्या कापडावर तो मोत्यासारखा थांबतो. कापसाला स्वतःचं एक नैसर्गिक मेण असतं, आणि मागावर चढवण्याआधी ताण्याच्या धाग्यांना खळ देतात. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला, आणि आज त्या गावात मागांच्या जोडीनं निव्वळ खळ देण्याची सायझिंगची युनिट उभी आहेत, एवढं ते काम महत्त्वाचं. ही खळ आणि मेण धुण्याधुण्यात निघून जातं तेव्हा धागा पाणी पिऊ लागतो. घाम टिपून तो हवेत सोडणारं कापड अंगाला गार लागतं. लुगडं जुनं असण्याचा खरा फायदा हा आहे, आणि पुढं बागेतही तोच कामी येतो.

तिसरी परीक्षा ताकदीची, आणि इथं घाई करू नका. लुगडं गच्चीवरच्या दोरीवर सकाळच्या उन्हात टांगा आणि सूर्य पलीकडं ठेवून बघा. विरलेली जागा जाळीसारखी दिसते. नऊवारीत या जागा साधारण ठरलेल्या असतात: कमरेला गाठ यायची तिथं, कासोटा मागं खोचायचा तिथं आणि बसायच्या जागी. पदराचा रंग उन्हानं गेलेला असतो, पण कापड बऱ्याचदा धड असतं. काठ सगळ्यात टिकाऊ. आता दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हळू ताणा, आधी उभं, मग आडवं. धागे सरकून फट पडली किंवा 'चर्र' असा आवाज आला तर ती जागा बाद. खडूनं किंवा रंगीत दोऱ्याच्या टाक्यानं बाद जागेभोवती खूण करा.

आपल्याकडच्या बायका विरलेला मधला भाग कापून दोन्हीकडचे धड भाग जोडायच्या, त्याला दंड घालणं म्हणायचे. म्हणजे कापड कुठं झिजतं हे ज्ञान घरात होतंच. घरात कुणी लुगडं नेसणारं असेल तर त्यांना शेजारी बसवून विचारा. माझ्या सासूबाईंनी न बघता, नुसता हात फिरवून सांगितलं, "हितनं कापू नगंस, हे दोन वर्षंबी टिकायचं न्हाई." आणि त्या म्हणाल्या तसंच होतं.

इरकलीबद्दल वेगळं सांगायला हवं. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलच्या या साड्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात घरोघरी असतात. त्यांच्या पदराचा ताणा वेगळा असतो, तो विणण्याआधीच अंगाच्या ताण्याला एकेक धागा अडकवून जोडतात. तो जोड कापू नका आणि शिवणीतही घेऊ नका. पदर आणि काठ रेशमी किंवा नकली रेशमाचा असला तर तो बाजूला ठेवा आणि फक्त सुती अंग पैरणीला घ्या. आणि जी इरकल अजून धड आहे, नेसता येते, ती कापूच नका. माझा नियम एवढाच आहे: नेसण्याजोगं लुगडं नेसायचं, कात्री लावायची ती फक्त दंड घालण्याच्या पलीकडं गेलेल्याला.

घरात लुगडी नसतील तर बोहारणीला विचारा. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या या बायकांकडं सुती लुगडी, धोतरं, पंचे येत असतात. जाड विणीचं जुनं धोतरही पैरणीला उत्तम.

धुणं आणि डाग

पेटीतल्या कापडाला डांबरगोळ्यांचा वास असतो. आधी दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर टाकून ठेवा. मग रिठ्यानं धुवा: १५ ते २० रिठे फोडून बिया काढायच्या, रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळायचं आणि ते पाणी बादलीभर पाण्यात मिसळायचं. लुगडं अर्धा तास बुडवून ठेवा, वरखाली करा, आपटू नका, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढा.

लाल, काळा, गर्द हिरवा रंग असेल तर आधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरत असेल तर ते कापड कायम वेगळं धुवायचं. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. आधीच रंगवलेल्या जुन्या सुतावर त्याचा उपयोग होत नाही, उगाच एक दिवस जातो.

डागांचं थोडक्यात. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, घाबरू नका. धुऊन ओलं कापड दोनतीन दिवस कडक उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हानं उडतो. उन्हाळ्याचा हा एक फायदाच आहे. पेटीच्या लोखंडाचे तांबूस गंजाचे डाग असतील तर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. आंबट कापडात राहू देऊ नका, सूत कुजतं. जरीवर लिंबू लावू नका. केळीच्या चिकाचा डाग मात्र जात नाही. तिथं खिसा येईल अशी आखणी करा, किंवा पुढं दिलेल्या रंगात कापड बुडवा.

आखणी आणि कापणी

नऊवारी म्हणजे नऊ वार, ३२४ इंच, सव्वाआठ मीटर. एका पैरणीला लांबीत ६० इंच लागतात. गणितानं पाच व्हायला हव्यात, पण विरलेला भाग सोडला की तीन निघतात. तीन म्हणजे खूप झाल्या.

खालची मापं ४० इंच छातीच्या माणसासाठी, ४६ इंच पन्ह्याच्या आणि दोन्हीकडं ३ इंची काठ असलेल्या लुगड्याची आहेत. अर्ध्या इंचाची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, यात धरली आहे.

सरळ रेष मिळवण्यासाठी नवं कापड आपण टरकावतो. जुनं टरकावू नका, ते वाटेत भलतीकडं जातं. कडेला छोटी कापणी देऊन एक आडवा दोरा हळूहळू ओढून काढा. दोरा निघालेली बारीक रेघ दिसते, तिच्यावर कात्री चालवा. दोरा मध्येच तुटला तर तिथवर कापून पुढचा धरा. वेळ लागतो, पण कापड तिरकं जात नाही, आणि चौकोनी पैरणीत तिरकं गेलेलं धुतल्यावर लगेच कळतं.

धड भागातून ६० इंच लांबीचा तुकडा असा काढा. आता त्याची उभी वाटणी:

१. एका कडेचा ३ इंची काठ सोडवून घ्या. तो नीट गुंडाळून ठेवा, बागेत लागणार आहे.

२. त्याला लागून २६ इंच रुंद, ६० इंच लांब पट्टा: हे अंग. खांद्यावर शिवण नाही, मधोमध घडी घालायची. पुढं ३० इंच, मागं ३० इंच.

३. उरला १७ इंचांचा पट्टा, दुसऱ्या काठासकट. काठाच्या कडेपासून आत ११ इंच मोजा आणि लांबीत १८-१८ इंचांचे दोन तुकडे घ्या: या बाह्या. काठ आपोआप बाहीच्या तोंडाशी येतो. त्याची कड विणलेलीच आहे, दुमडायची गरज नाही, आणि दिसतोही सुंदर.

४. बाह्यांच्या आत ६ इंच रुंद, ३६ इंच लांब पट्टी उरते. त्यातून ५ इंचांचे दोन चौकोन काखेसाठी, ज्याला जुने शिंपी चौबगला म्हणतात. राहिली २६ इंच लांबीची पट्टी. ती बरोबर खांद्याच्या आतल्या अस्तराला पुरते.

५. शेवटी १७ बाय २४ चा तुकडा हातात राहतो: त्यातून १२ इंची चौकोन गळ्याच्या आतल्या पट्टीला आणि बाकीचा खिशाला.

वेगळ्या मापाला अंगाची रुंदी अशी काढा: छातीच्या निम्म्यात ६ मिळवा. छाती ३६ असेल तर २४ इंच, ४४ असेल तर २८. छाती मोठी असेल तर काखेचे चौकोन बाजूच्या पट्टीत बसत नाहीत. ते शेवटच्या तुकड्यातून घ्या आणि खिसा सोडा. लांबी आपल्या उंचीप्रमाणे.

रंग द्यायचा असेल तर शिवण्याआधी

हा टप्पा टाळला तरी चालतो. पण पांढरं किंवा फिकं कापड डागाळलेलं असेल तर झेंडूचा पिवळा फार छान लागतो. गुढीपाडव्याचं तोरण उतरवलं की मी पाकळ्या सावलीत वाळवून डब्यात भरते. किलोभर फुलांच्या पाकळ्या वाळून जेमतेम १०० ग्रॅम भरतात, एका पैरणीला तेवढ्या पुरतात. पैरणीचं कापड साधारण २०० ग्रॅम धरलं आहे.

सुती कापड झेंडूचा रंग नुसता धरत नाही. आधी ४० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवा, धुतलेलं ओलं कापड त्यात तासभर ठेवा, हलकं दाबून न धुता वाळवा. कापडावर पिवळसर छटा येते. मग ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून बादलीभर पाण्यात मिसळा, कापड रात्रभर बुडवा, सकाळी एका पाण्यातून काढा. पाकळ्या पाऊण तास उकळून गाळा, त्या पाण्यात कापड घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवा. खदखदू देऊ नका. त्याच पाण्यात थंड होऊ द्या आणि सावलीत वाळवा.

भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढई घेतलीत तर हिरडा आणि लोह मिळून रंग काळपट हिरवा होतो. ज्याला तोच रंग हवा असेल त्यानं मुद्दाम लोखंडी घ्यावी, मातीकामाला तो छान, डाग दिसत नाहीत. रंगकामाचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. झेंडूचा रंग उन्हानं फिका होत जातो, दोन उन्हाळ्यांनी परत द्यावा लागतो.

शिवण

मशीन की हात? कापडानं उजेडाची आणि अंगठ्याची दोन्ही परीक्षा पास केली असेल तर पायमशीन चालेल. सुई बारीक घ्या, ९ किंवा ११ नंबरची, आणि दोरा सुती. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो. ताण आला की दोरा तुटत नाही, जुनं कापड शिवणीच्या कडेनं फाटतं. दोरा तुटला तर पाच मिनिटांत परत शिवता येतं. कापड फाटलं तर ठिगळच.

फार तलम झालेलं असेल तर हातानं शिवा. आमच्या पेठेतल्या शिंपीदादांनी एकदा माझ्या हातातलं कापड उजेडात धरलं आणि म्हणाले, "वहिनी, हे मशीनवर घेऊ नका. दातात अडकंल. धावदोरा घाला, चार टाक्यांनी एक उलटी टीप." तेव्हापासून मी तशीच शिवते: बारीक धावदोरा, दर चौथ्या टाक्याला एक उलटी टीप. दुपारी एक ते चार पंख्याखाली बसलं तर चार दिवसांत पैरण होते.

क्रम असा ठेवा:

अंगाचा पट्टा मधोमध दुमडून खांद्याची रेष इस्त्रीनं पाडा. त्या रेषेवर आतून २६ इंची अस्तरपट्टी अशी ठेवा की तीन इंच पुढं आणि तीन इंच मागं येईल. कडा दुमडून धावदोऱ्यानं बसवा. पैरणीचा सगळा भार खांद्यावर असतो, म्हणून ही पट्टी वगळू नका.

मधोमध गळा आखा: ६ इंच रुंद, पुढं ३ इंच खोल, मागं १ इंच. पुढच्या बाजूला मध्यावर ६ इंचांची चीर. आधी कापू नका. १२ इंची चौकोन सुलट बाजूला सुलट ठेवून गळ्याच्या आणि चिरेच्या रेषेभोवती शिवा, मग आतलं कापा, चिरेच्या टोकाशी टाक्याच्या अगदी जवळपर्यंत कापणी द्या, चौकोन आत उलटवा आणि कडेनं तुरपा. चिरेच्या टोकाला आडवे तीनचार भक्कम टाके घाला, पैरण घालताना-काढताना तिथंच फाटते.

बाहीची १८ इंची बाजू मधोमध दुमडून खूण करा आणि ती खूण खांद्याच्या रेषेवर आणून सपाट कापडावरच बाही जोडा. दोन्ही बाह्या झाल्या की काखेचा चौकोन: त्याची एक बाजू बाहीच्या कडेला आणि शेजारची बाजू अंगाच्या कडेला, कोपरा बरोबर जोडाच्या बिंदूवर. मग पैरण उलटी दुमडून चौकोनाच्या उरलेल्या दोन बाजू पलीकडच्या बाहीला आणि अंगाला. पहिल्यांदा हे डोक्यात बसत नाही. कागदाचे चौकोन कापून आधी टाचण्यांनी जोडून बघा, एकदा जमलं की जन्मभर विसरत नाही. या चौकोनामुळं हात वर केला की पैरण वर ओढली जात नाही. वेलीला दोरी बांधताना आणि गोल झाल्यावर दोन्ही हात वर टाकताना त्याची किंमत कळते.

बाजू काखेपासून खाली शिवत या आणि खालचे ७ इंच मोकळे सोडा. मायेची एक कड छाटून दुसरी तिच्यावर दुमडून तुरपा, म्हणजे आत सुटे धागे राहत नाहीत. खालची कड आधी अर्धा इंच आणि मग दीड इंच दुमडा. बाजूच्या दोन्ही मोकळ्या चिरांच्या वरच्या टोकाला छोटं त्रिकोणी ठिगळ लावलं की काम संपलं.

खिसा एकच, पोटाच्या उजव्या बाजूला. छातीवर खिसा लावून त्यात मोबाइल ठेवला तर जुनं कापड दोन महिन्यांत लोंबतं.

बागेत

एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवर भेंडी, गवार, माठ, दोडका आणि एक कारल्याचा वेल असतो. पाणी सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. कुंडीतल्या मातीवर चार बोटं पाचट पसरते. उसाच्या जिल्ह्यात पाचट फुकट मिळतं आणि माती उघडी राहत नाही.

इथं लुगड्यातला बाद भाग कामाला येतो. विरलेलं कापड एका थराचं बांबूच्या काठ्यांवर बांधून ११ ते ४ या वेळात रोपांवर धरा. उजेड गाळून येतो, रोप करपत नाही. वळवाच्या आधी वारा सुटला की ते लगेच उतरवा, ओलं होऊन जड झालं तर काठीसकट रोपावर पडतं.

जपून ठेवलेला काठ एक इंच रुंदीच्या पट्ट्या करून वेल बांधायला वापरा. सुतळी कोवळ्या खोडात रुतते, काठ रुतत नाही. पट्टी आधी काठीला घट्ट बांधा, मग आठच्या आकड्यासारखी फिरवून खोडाला सैल. खोडाभोवती एक बोट जावं.

दोन दिवस घर बंद ठेवायचं असेल तर वाती करा. सुती पट्टी हलकी पिळून पूर्ण भिजवा, एक टोक भरलेल्या बादलीच्या तळाशी दगड बांधून सोडा, दुसरं कुंडीच्या मातीत तीन इंच खोल पुरा. बादलीचा तळ कुंडीच्या मातीपेक्षा वर हवा. जिथं थेंब लगेच पसरतो तेच कापड वातीला चालतं. कोऱ्या कापडाची वात कोरडीच राहते. मोठ्या कुंडीला दोन वाती लागतात. जाण्याच्या दोन दिवस आधी घरात असतानाच लावून बघा, बादली किती रिकामी होते ते कळेल.

बागेत घालायची पैरण वेगळी ठेवा, काळपट हिरवी असेल तर उत्तम. खत कालवताना बाह्या दुमडून वर बांधा.

मैदानावर

एक गोष्ट स्पष्ट सांगते. पैरण गॅलरीत बसणाऱ्यासाठी आहे, खेळणाऱ्यासाठी नाही. नव्वद मिनिटं पळणाऱ्याच्या अंगावर सूत घामानं भिजून जड होतं आणि घासतं. त्याला पॉलिस्टरची जर्सीच हवी. गॅलरीत दुपारी बसून असणाऱ्याला मात्र सूतच गार.

सोबत जुन्या धोतराचा मोठा पंचा न्या. घरून ओला करून पिळून पिशवीत ठेवा, सामना सुरू झाला की डोक्यावर आणि मानेवरून घ्या. वारा लागला की गारवा जाणवतो. मध्यंतरात पुन्हा ओला करा. टोपी आणि पाणी आहेच. आपल्या संघाचा रंग मिरवायचा असेल तर सगळी पैरण रंगवू नका. खिशाला किंवा खालच्या कडेला रंगीत पट्टी लावा, पुढं उसवता येते.

घरात खेळणारं पोर असेल तर त्याच्या जर्सीचा चिखल ओला असताना चोळू नका. वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग गार पाण्यात भिजवा. रक्ताचा डाग असेल तरीही गार पाणीच, गरम पाण्यानं तो कायमचा बसतो. नंबर छापलेली जर्सी उलटी करून धुवा आणि नंबरावर इस्त्री नको. जुन्या, आता अंगाला न होणाऱ्या जर्सीचा नंबर कापून पैरणीच्या पाठीवर लावता येतो, पण तो छापील तुकडा जुन्या सुताला जड होतो; मागं सुती अस्तर दिल्याशिवाय लावू नका. माझ्या पुतण्यानं "काकी, माझ्या नंबरची पैरण कर ना" म्हणून हट्ट धरला तेव्हा मी असंच अस्तर देऊन केली. तीन उन्हाळे झाले, टिकली आहे.

रोजची निगा आणि शेवटची घडी

घामाची पैरण बादलीत साठवू नका. घरी आलं की साध्या पाण्यातून काढून वाळत टाका, साबण दर तिसऱ्या वेळी. काखेत पिवळेपणा आला तर चमचाभर धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून अर्धा तास भिजवा. वाळवायची ती सावलीत, खांद्यावर चिमटे न लावता दोरीवर आडवी टाकून. फाटायला लागली की पहिल्याच दिवशी रफू करा. जुन्या सुतात करंगळीएवढं भोक आठवड्यात हातभर होतं. ठिगळ त्याच लुगड्यातलं लावा. कोऱ्या कापडाचं लावलं तर धुतल्यावर ठिगळ आटतं आणि भोवतालचं कापड ओढून फाडतं.

रोहिणीचा पाऊस पडून गेला की पैरणी धुऊन, कडक वाळवून, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याबरोबर ठेवते. ज्या फारच विरल्या असतील त्या उसवून वाकळीच्या, म्हणजे गोधडीच्या, आतल्या थरात जातात, वर नव्यातलं धडपं. गच्चीवरच्या वाती आणि बांधलेले काठ मृगाच्या आधी काढून सुती तेवढे खताच्या ढिगात टाकते. पेटी बंद करण्याआधी प्रत्येक उरलेल्या लुगड्याला एक चिठ्ठी टाचते: पन्हा किती, धड भाग कुठून कुठवर, किती पैरणी निघतील. पुढच्या मार्चमध्ये दोरीवर टांगून बघायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.